रक्तवाहिन्यांचा लगाम

श्रोतेहो, उद्या सकाळी तोंड धुवून झाल्यावर आरशासमोर क्षणभर अधिक उभे राहा आणि आपल्याच डोळ्याकडे निरखून पाहा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तांबडे बारीक धागे दिसतील. आदल्या रात्री जागरण झाले असेल तर ते अधिकच उठून दिसतील. हे धागे म्हणजे रक्तवाहिन्या. त्यांचा माग काढीत काढीत डोळ्याच्या काळ्या भागाकडे या. त्या काळ्या वर्तुळाच्या कडेशी येऊन हे सारे धागे थबकलेले आढळतील. एकही पुढे गेलेला नसेल. काळ्या भागावर, घड्याळावर काच बसवावी तसे, एक पारदर्शक पटल असते. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. आपण त्याला पारपटल म्हणू. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे हे पटल पूर्णपणे जिवंत आहे. मात्र त्याला रक्ताचा पुरवठा नाही. प्राणवायू ते अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेते, आणि अन्न घेते आपल्या मागे साठलेल्या पाण्यासारख्या द्रवातून. त्याच्या चारी बाजूंना रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असूनही त्यांतली एकही वाहिनी जन्मभर या हद्दीत पाऊल टाकीत नाही. कुंपण तर कोठे दिसत नाही. मग त्यांना अडविते कोण?

मी दिल्लीत राहतो. येथील अन्सारी नगरात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात, १९६७ साली स्थापन झालेले डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे. राष्ट्रीय नेत्रपेढी त्याहून दोन वर्षे आधीची, १९६५ ची. पहाटे त्या बाजूने गेलात तर बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान येथून आलेली माणसे पदपथावर पथारी पसरून बसलेली दिसतात. मरणोत्तर दान केलेले पारपटल दुसऱ्याच्या डोळ्यावर बसविण्याची शस्त्रक्रिया तेथे नित्य होते. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०५ साली युरोपात, आजच्या चेकियातील ओलोमोउत्स या गावी, एडुआर्ड त्सिर्म यांनी केली. मूत्रपिंड वा यकृत बदलण्याची कल्पनाही त्या काळी स्वप्नवत होती. मग परक्याचे पारपटल शरीराने इतक्या लवकर कसे स्वीकारले? कारण तेच: तेथे रक्तवाहिनी नाही, म्हणून परक्याला ओळखून हुसकावून लावणारे रक्तातील पहारेकरी तेथे सहजासहजी पोचत नाहीत. ज्या रुग्णाच्या डोळ्यात आजाराने वा चुना उडाल्याने आधीच वाहिन्या शिरलेल्या असतात, त्याच्या बाबतीत शल्यविशारदाचा चेहरा गंभीर होतो. कलम नाकारले जाण्याची भीती तेथे फार मोठी.

तेव्हा वाहिन्यांनी कोठे जावे याइतकाच त्यांनी कोठे जाऊ नये हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

मातेच्या उदरात गर्भाच्या रक्तवाहिन्या पावसाळ्यातील वेलीसारख्या पसरतात. प्रौढपणी हा पसारा बहुतेक थांबतो. जखम भरून येताना, स्त्रीच्या मासिक चक्रात आणि गर्भारपणी तो पुन्हा जागा होतो आणि काम संपताच निमूटपणे निजतो. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी अस्तर असते. नवी वाहिनी म्हणजे या अस्तराला फुटलेला कोंब होय. शरीराचा एखादा भाग प्राणवायूवाचून गुदमरू लागला, की तेथील पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. व्ही.ई.जी.एफ. या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. मी त्याला वाहिनीवर्धक म्हणेन. ही हाक ऐकून जवळच्या वाहिनीचे अस्तर कोंब फोडते आणि हाकेच्या दिशेने सरकू लागते. प्राणवायूची टंचाई पेशीला कळते कशी, याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे झाले ‘ये’ म्हणणारे प्रथिन. पण नुसत्या ‘ये’वर कारभार चालत नाही. पाटाला पाणी सोडणारा आणि पाट बंद करणारा असे दोन्ही हात पाटकऱ्याला लागतात. शरीरात ‘थांब’ म्हणणारी प्रथिनेही आहेत, आणि ती सापडली कशी ही हकीकत मोठी रंजक आहे.

ज्यूडा फोकमन हे अमेरिकन शल्यविशारद १९६० च्या सुमारास नौदलात दाखल झाले. लांबच्या सफरीवरील जहाजांना रक्ताऐवजी वापरता येईल असा द्रव शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. सशाची गलग्रंथी शरीराबाहेर काचपात्रात ठेवून, तिच्यातून हा द्रव खेळवून, ती जिवंत राहते का हे ते पाहत. सहज म्हणून त्यांनी तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, दाण्याएवढ्या झाल्या, आणि एक-दोन मिलिमीटरला येऊन थांबल्या. मेल्या म्हणावे तर मेल्याही नव्हत्या; तोच दाणा उंदराच्या अंगात बसविताच झपाट्याने फोफावला. फरक एवढाच, की काचपात्रातील ग्रंथीला नवी वाहिनी फुटू शकत नव्हती, उंदराला फुटत होती. रक्तातला प्राणवायू वाहिनीपासून फार तर एकदोन केसांच्या जाडीइतका दूर झिरपतो. त्यापलीकडची पेशी उपाशी. तेव्हा गाठीला मोठे व्हावयाचे तर रक्त ओढून आणणे भाग आहे. १९७१ साली फोकमन यांनी हा विचार स्पष्टपणे मांडला: गाठीकडे येणाऱ्या वाहिन्या अडविता आल्या तर गाठ दाण्याएवढीच राहील. त्या काळच्या धुरीणांनी तो फारसा मनावर घेतला नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने शस्त्रक्रिया करावी, संशोधनाच्या भानगडीत कशाला पडावे, असा एकंदर सूर होता. हा सूर केवळ अमेरिकेतच ऐकू येतो असे नाही.

फोकमन मुकाट्याने पुढे गेले. आपल्या सांध्यांत आणि नाकाच्या शेंड्याशी जी लवचिक कूर्चा असते, तिच्यातही रक्तवाहिन्या नसतात. १९७५ साली त्यांनी व त्यांचे सहकारी हेन्री ब्रेम यांनी सशाच्या पारपटलात कर्करोगाचा कण ठेवला. वाहिन्या त्याच्याकडे धावल्या. मग त्या कणाशेजारी कूर्चेचा तुकडा ठेवला. वाहिन्या रेंगाळल्या, मंदावल्या. म्हणजे कूर्चेतून काहीतरी पाझरत होते आणि ते वाहिन्यांना अडवीत होते. योगायोग पाहा: जे पटल स्वतः वाहिन्यांना मज्जाव करते, त्याच स्वच्छ पटलाचा या संशोधनाने फळा म्हणून उपयोग केला. पांढऱ्या कागदावर तांबडी रेघ उठावी तसा एकेक नवा कोंब तेथे मोजता येतो.

अडविणारे एक प्रथिन निश्चित हाती आले ते मात्र भलत्याच दिशेने. शिकागोच्या नोएल बाउक या विदुषी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर काम करीत होत्या. निरोगी पेशी वाहिन्यांना अडविणारा पदार्थ बाहेर टाकीत. त्याच पेशी कर्करोगाच्या वाटेला लागल्या की तो टाकणे सोडून देत. तो पदार्थ शुद्ध करून पाहिला तेव्हा, १९९० साली, तो जुनाच परिचित निघाला: थ्रॉम्बोस्पॉन्डिन. रक्त गोठविण्याच्या कामी झटणाऱ्या बिंबाणूंत, म्हणजे ज्यांना डेंग्यूच्या साथीत आता घरोघर प्लेटलेट या नावाने ओळखतात त्यांत, हे प्रथिन १९७१ सालीच आढळले होते. फोकमन यांचा लेख त्याच वर्षीचा. दोन्ही गोष्टी वीस वर्षे शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता!

चार वर्षांनी, १९९४ मध्ये, बाउक यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. पेशीला कर्करोगापासून जपणारे एक ख्यातनाम जनुक आहे, पी-त्रेपन्न. मानवी पेशींत ते शाबूत असेल तर थ्रॉम्बोस्पॉन्डिन भरपूर तयार होते. ते बिघडले की थ्रॉम्बोस्पॉन्डिनचा ओघ आटतो. म्हणजे पेशी बिघडते तेव्हा ती नुसती बेसुमार वाढू लागत नाही, तर आपल्या वेशीवरचा पहाराही स्वतःच्या हाताने उठविते.

आता हे प्रथिन ‘थांब’ कसे म्हणते ते पाहू. थ्रॉम्बोस्पॉन्डिनचा रेणू भला मोठा, तीन समान साखळ्यांचा गुच्छ. तो पेशीच्या आत शिरत नाही आणि त्याला शिरण्याची गरजही नाही. पेशवाईत पुण्याचा जासूद दिल्लीत येई तेव्हा तो काही बादशहाच्या दिवाणखान्यात जात नसे. येथे हिंगणे हे पेशव्यांचे वकील होते. जासुदाने खलित्याची थैली त्यांच्या हाती द्यावी. पुढे दरबारात कोणापाशी काय बोलावयाचे हे त्यांनी पाहावे. पेशीच्या पृष्ठभागावर असे वकील हजारोंच्या संख्येने बसलेले असतात. ती स्वतः प्रथिनेच होत. त्यांचे एक टोक बाहेर, धड पेशीच्या आवरणात रुतलेले, आणि दुसरे टोक आत. त्यांना ग्राही म्हणतात. प्रत्येक ग्राही ठराविक निरोप्याचीच थैली स्वीकारतो.

थ्रॉम्बोस्पॉन्डिनची थैली स्वीकारणाऱ्या ग्राहीचे नाव सीडी-छत्तीस. हे १९९७ साली निश्चित झाले. त्यातून एक जुने कोडेही सुटले. थ्रॉम्बोस्पॉन्डिनचा धाक केसासारख्या बारीक वाहिन्यांनाच असतो, मोठ्या धमन्यांचे अस्तर त्याची फारशी पर्वा करीत नाही. कारण सीडी-छत्तीस हा ग्राही बारीक वाहिन्यांच्या अस्तरावर असतो, मोठ्यांच्या नसतो. वकीलच नाही तेथे जासूद थैली देणार कोणाला?

थैली स्वीकारल्यावर आत काय घडते याची साखळी २००० साली उकलली. ग्राहीच्या आतील अंगाला फिन नावाचे एंझाइम चिकटलेले असते. ते जागे होते. ते पी-अडतीस नावाच्या दुसऱ्या एंझाइमाला जागे करते. शेवटी पेशीतील प्रथिने कातरणाऱ्या कॅस्पेस नावाच्या कात्र्या म्यानातून बाहेर पडतात, आणि कोंबाच्या टोकावरची ती पेशी स्वतःला मिटवून घेते. हा अपघाती मृत्यू नव्हे. त्यात सूज नाही, पू नाही, आरडाओरड नाही. घर आवरून, दिवा मालवून कोणी निघून जावे तसे ते जाणे असते.

आता कोणीही विचारील, की थ्रॉम्बोस्पॉन्डिन रक्तात फिरते आणि बारीक वाहिन्यांवर सीडी-छत्तीस सर्वत्र आहे, तर मग आपल्या साऱ्याच केशवाहिन्या नाहीशा का होत नाहीत? मला स्वतःला या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. वाहिनीवर्धकाची हाक ऐकून जी अस्तरपेशी वाढीला लागते, ती आपल्या अंगावर आणखी एक ग्राही अधिक संख्येने उभारते. त्याचे नाव ‘फास’. शास्त्रज्ञांनी ते मराठी जाणून ठेवलेले नाही, पण आपल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. थ्रॉम्बोस्पॉन्डिनची थैली पोचली, की अस्तरपेशी या फासाची दोरी ओढणारे प्रथिन बाहेर काढते. जी पेशी स्वस्थ बसली आहे, तिच्या गळ्यात फास जवळजवळ नसतोच, तेव्हा दोरी कोणाची ओढणार? जी घाईने पुढे निघाली, तीच सापडते. ‘ये’ या हाकेला ओ देतानाच पेशी ‘थांब’ या आज्ञेला अंकित होते. दोन विरोधी आज्ञांचा असा मेळ २००२ साली दाखविला गेला.

थ्रॉम्बोस्पॉन्डिनला याखेरीज सीडी-सत्तेचाळीस नावाचा दुसराही एक ग्राही आहे. वाहिनी सैल करणारा आणि तिच्या पेशींना हुरूप देणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू पेशी स्वतःच तयार करते. या दुसऱ्या दाराने आलेला निरोप त्याचे काम दडपतो, आणि त्यासाठी प्रथिनाची अगदी अल्प मात्रा पुरते.

जाता जाता सीडी-छत्तीसविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा ग्राही केवळ वाहिन्यांसाठी निर्माण झालेला नाही. चरबीची अम्ले पेशीत घेणे, दूषित कोलेस्टेरॉल उचलणे ही कामेही त्याच्याकडे आहेत. आणि घातक मलेरियाच्या जंतूने पछाडलेली तांबडी पेशी प्लीहेत जाऊन नष्ट होण्याचे टाळण्यासाठी वाहिनीच्या भिंतीला जे घट्ट धरून बसते, ते धरण्याचे तिचे एक कडे म्हणजे हाच सीडी-छत्तीस. एकाच खुंटीला किती जणांनी आपले अंगरखे अडकवावे! अशा बहुकामी ग्राहीला औषधाने डिवचावयाचे म्हणजे काय काय ढवळून निघेल, याची धास्ती बाळगणेच शहाणपणाचे.

थ्रॉम्बोस्पॉन्डिन एकटे नाही. १९९४ साली फोकमन यांच्या प्रयोगशाळेत मायकेल ओरायली यांना अँजिओस्टॅटिन सापडले, १९९७ साली एंडोस्टॅटिन. मौज अशी, की ही दोन्ही स्वतंत्र प्रथिने नव्हेत. ती मोठ्या प्रथिनांचे तुकडे आहेत. अँजिओस्टॅटिन हा रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाचा तुकडा, तर एंडोस्टॅटिन हा वाहिनीच्या बैठकीत असणाऱ्या कोलॅजेनाचा. अखंड असताना हे प्रथिन वाहिनीला आधार देते, तुटले की तिला अडविते. अस्तरपेशी आपल्या बैठकीला इंटेग्रिन नावाच्या ग्राहींनी, जणू पायाच्या बोटांनी, घट्ट धरून पुढे सरकते. एंडोस्टॅटिन या इंटेग्रिनांपैकी एकाला जाऊन चिकटते आणि पावलाची पकड सुटते. भारतीय वंशाचे रघु कल्लुरी यांनी अभ्यासिलेले टमस्टॅटिन हेही असेच दुसऱ्या एका कोलॅजेनाच्या तुकड्यातून निघालेले आणि दुसऱ्या एका इंटेग्रिनावर काम करणारे प्रथिन होय.

आणि पारपटल? आरशातल्या त्या हद्दीचे उत्तर २००६ साली मिळाले, तेही भारतीय वंशाच्या जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाकडून. पारपटलाने योजिलेली युक्ती निराळीच आहे. ते वाहिनीवर्धकाचा ग्राहीच तयार करते, परंतु अर्धवट, पेशीला न जोडलेला, मोकळा तरंगणारा. ‘ये’ म्हणणारा जासूद आला की हा तोतया वकील त्याच्या हातातली थैली काढून घेतो, आणि खऱ्या दारापर्यंत ती पोचतच नाही. उंदराच्या पारपटलातून हा मोकळा ग्राही काढून टाकताच तेथे वाहिन्या शिरल्या. नुसत्या उंदरावर न थांबता त्यांनी इतर प्राण्यांचे डोळे तपासले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मॅनटी नावाचा सुस्त जलचर सस्तन प्राणी राहतो. त्याच्या पारपटलात रक्तवाहिन्या असतात हे ठाऊक होते. त्याच्यात हा मोकळा ग्राही नाही असे आढळले. त्याचे भाऊबंद म्हणजे आपल्या समुद्रातील डुगाँग आणि, ऐकून नवल वाटेल, आपला हत्ती. या दोघांत हा ग्राही आहे, आणि दोघांचीही पारपटले स्वच्छ आहेत.

इतके ज्ञान हाती आल्यावर कर्करोगाचे औषध दाराशी आले असे कोणालाही वाटेल. तसे वाटलेही. एंडोस्टॅटिनने उंदरांतील गाठी विरल्याची वार्ता मे १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर छापली. दोन वर्षांत कर्करोग बरा होईल असे एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या तोंडी घातले गेले; आपण तसे म्हटले नव्हते असे ते मागाहून सांगू लागले. एका लहानशा औषध कंपनीच्या समभागांचे भाव एका दिवसात कितीतरी पटींनी चढले, आणि देशोदेशींचे हताश रुग्ण दूरध्वनीवर रांग लावू लागले. उंदराला कर्करोग झाला असेल तर आम्ही त्याची उत्तम काळजी घेऊ शकतो, असे फोकमन स्वतः थट्टेने म्हणत. त्या थट्टेतील इशारा कोणी ऐकला नाही. प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांत एंडोस्टॅटिन निरुपद्रवी ठरले, पण पुरेसे प्रभावी ठरले नाही. त्याचा एक सुधारित प्रकार २००५ साली चीनमध्ये मान्य झाला, एवढेच. थ्रॉम्बोस्पॉन्डिनच्या नमुन्यावर नऊ ॲमिनो अम्लांचा एक छोटा कृत्रिम तुकडा बनवून तोही रुग्णांना देऊन पाहिला. पदरी फारसे काही पडले नाही. शार्क माशाच्या कूर्चेची भुकटी विकणाऱ्यांनी मात्र आपले खिसे भरले. ती भुकटी कर्करोगावर गुणकारी नाही हे चाचण्यांनी दाखविले आहे. एखादा श्रोता ती कोणासाठी विकत घेण्याच्या विचारात असेल, तर हे वाक्य त्याच्यासाठी आहे.

अपयशाची कारणे समजण्यासारखी आहेत. गाठीपाशी ‘ये’ म्हणणारे आवाज एक नव्हे, अनेक असतात. एक दाबला की दुसरा चढतो. निसर्गातील प्रथिने रक्तात फार वेळ टिकत नाहीत. आणि शरीर त्यांचा वापर करते तो तिथल्या तिथे, तोळामाशाने. आपण ती शिरेतून भडाभड ओततो. हे म्हणजे गल्लीतल्या पहारेकऱ्याला सैन्याच्या आघाडीवर उभे करण्यासारखे झाले. यश मिळाले ते उलट बाजूने. ‘थांब’ वाढविण्याऐवजी ‘ये’ कमी करावयाचा, वाहिनीवर्धकाला प्रतिपिंडाने पकडावयाचे, ही पद्धत लागू पडली. असे पहिले औषध २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. २००६ साली म्हातारपणी दृष्टिपटलाखाली फुटणाऱ्या वाहिन्यांसाठी त्याचेच धाकटे भावंड आले. पाहिलेत तर ही पारपटलाचीच युक्ती: दारात पोचण्याआधी थैली काढून घ्यावयाची. आज मधुमेहाने डोळ्यांत फुटलेल्या वाहिन्यांवरही ही औषधे वापरतात. आपल्याकडचे नेत्रवैद्य कर्करोगाच्या औषधाच्या मोठ्या कुपीतून लहान लहान मात्रा करून ती गरिबाला परवडतील अशी देतात. माझ्या मते कर्करोगापेक्षा डोळ्यानेच या संशोधनाचे पांग अधिक फेडले आहेत.

आणि म्हणूनच शेवटी पुन्हा अन्सारी नगरात येतो.

गर्भाच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यावर, रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून निघतात आणि कडेकडेने सरकत थेट चाळिसाव्या आठवड्याच्या आसपास टोकाला पोचतात. मूल तिसाव्या आठवड्यातच जन्मले तर हा प्रवास अर्ध्यावर असतो. त्याची फुप्फुसे कच्ची, म्हणून त्याला प्राणवायू द्यावा लागतो, आणि त्यावाचून ते जगणार नाही. पण प्राणवायू मुबलक झाला की दृष्टिपटलातील ‘ये’ म्हणणारे प्रथिन गप्प होते, आणि पी.ई.डी.एफ. नावाचे ‘थांब’ म्हणणारे, डोळ्यात विपुल असणारे प्रथिन वाढते. वाहिन्या जागच्या जागी थांबतात. पुढे मूल साध्या हवेत येते, दृष्टिपटल मोठे होऊ लागते, आणि त्याची रक्तहीन कड उपाशी पडते. मग सारे उलटे होते. ‘थांब’ क्षीण, ‘ये’ अनावर. वाहिन्या दृष्टिपटल सोडून डोळ्याच्या पोकळीत वाकड्यातिकड्या शिरतात, रक्त पाझरते, व्रण आकसतो आणि दृष्टिपटलच भिंतीपासून उचकटून निघते. ज्याला थेरी नावाच्या डॉक्टरने नव्हे तर बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ साली प्रथम वर्णिले, तो हा अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अंधत्वरोग. प्राणवायूचा अतिरेक हे त्याचे कारण असावे अशी शंका १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी बोलून दाखविली, आणि ती खरी ठरली.

आपल्या देशात नवजात मुलांचे अतिदक्षता कक्ष आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. जी मुले पूर्वी दगावत ती आता जगतात. पण त्यांच्या डोळ्यांची तपासणी त्या वेगाने पोचलेली नाही. नियम सोपा आहे. जन्माचे वजन दोन किलोंपेक्षा कमी असेल, किंवा चौतीस आठवडे पुरे होण्याआधी मूल जन्मले असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत दृष्टिपटल तपासलेच पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतले किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा हलके मूल असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. २०१३ साली महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या रोगाचा समावेश आहे. येथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका मुलीच्या दाव्यात सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. ती १९९६ साली चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली होती. वजन १२५० ग्रॅम. तिचे डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत आणि आईबापांना कोणी सावधही केले नाही. निकाल लागला तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

वेळेवर सापडले तर उपाय आहे. दृष्टिपटलाची उपाशी कड लेसरने डागतात. उपाशीच उरले नाही की हाक थांबते. काही वेळा वाहिनीवर्धकाला पकडणारे औषध डोळ्यात टोचतात. पण ते थोडेफार रक्तातही उतरते, आणि त्या वयात फुप्फुसांना, मेंदूला, मूत्रपिंडांना वाहिन्या हव्याच असतात. म्हणून डॉक्टर ते हात राखून वापरतात आणि नंतर कितीतरी दिवस मुलावर नजर ठेवतात.

माझा व्यवसाय प्रयोगशाळेतला. रुग्णांशी संबंध बेताचाच. पण काही वर्षांपूर्वी पहाडगंजातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी निरोप धाडला, की बीडकडचे एक जोडपे फरीदाबादच्या कारखान्यात कामाला आहे, हिंदी बेताचे, तेव्हा दवाखान्यात सोबत याल का. मूल तीन महिन्यांचे होते. जेथे ते जन्मले तेथून घरी सोडताना दिलेल्या कागदावर वजन होते, लसींच्या तारखा होत्या, दुधाचे माप होते. डोळ्यांविषयी एक अक्षर नव्हते. उजव्या डोळ्याचा पडदा पुरता निघाला होता. डाव्यावर शस्त्रक्रिया करून पाहू, असे डॉक्टर म्हणाले. मी ते मराठीत सांगितले. आई म्हणाली, “साहेब, तीस दिवसांचं आम्हाला कोणी बोललंच नाही.” मी त्यावर काय बोलणार? थ्रॉम्बोस्पॉन्डिनवर मी तासभर बोलू शकलो असतो.

डाव्या डोळ्याने त्या मुलाला आता उजेड कळतो, आणि जवळचे माणूस आकाराने ओळखू येते. त्याच्या बापाने पुढे एक काम केले. त्याच्याच चाळीत दुसऱ्या एका कामगाराच्या बायकोला सात महिन्यांची मुलगी झाली, तेव्हा पंचविसाव्या दिवशी तो स्वतः त्यांना घेऊन अन्सारी नगरात आला आणि मलाही त्याने बोलावून घेतले. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, अर्धा तास वाट पाहिली, मुलगी खूप रडली. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहिले: वाहिन्या अद्याप कडेपर्यंत पोचलेल्या नाहीत, रोग नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आणावे. ती तारीख त्याने आपल्या हातांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने खुणावून ठेवली.